चार वापिटी विमाने: भारतीय हवाई दलाच्या आरंभाविषयी

बार्देशकर

गोव्यात लष्करी विमान म्हटले की डोळ्यांसमोर नौदल येते, आणि ते साहजिक आहे. दाबोळीचा तळ १९६२ पासून नौदलाकडे आहे, १९६४ मध्ये आयएनएस हंसा हे नौदलाचे हवाई ठाणे कोईमतूरजवळच्या सुलूरहून इथे आले, आणि बोगमाळ्याला जाताना नौदलाचे विमान संग्रहालयही लागते. हवाई दलाशी असलेला आपला संबंध मात्र गोवा मुक्तीच्या कारवाईतल्या १८ डिसेंबर १९६१ या एका दिवसाच्या उल्लेखापाशी सुरू होतो आणि तिथेच थांबतो. त्या दिवशी गोव्याच्या आकाशात आलेले दल तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. ती एकोणतीस वर्षे कशी गेली, याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात शौर्याची वर्णने भरपूर असतात. हे दल मुळात इतके लहान का जन्माला आले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. त्यासाठीच हा धागा काढत आहे.

आधी तारखेचा विचार करू. दरवर्षी ८ ऑक्टोबरला हवाई दल दिन साजरा होतो, कारण १९३२ साली त्या दिवशी भारतीय हवाई दलाचा कायदा अमलात आला. त्या दिवशी दलाकडे स्वतःचे एकही विमान नव्हते. क्रॅनवेलच्या ब्रिटिश प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेले मूठभर भारतीय अधिकारी तेवढे होते. पहिली स्क्वाड्रन प्रत्यक्षात उभी राहिली ती १ एप्रिल १९३३ रोजी, कराचीजवळच्या ड्रिघ रोड येथे. तिचीही ती केवळ एक फ्लाइट, म्हणजे स्क्वाड्रनचा एक लहान भाग, होती: वेस्टलँड वापिटी जातीची चार द्विपंखी विमाने, सहा अधिकारी आणि विमानांची देखभाल करणारे एकोणीस ‘हवाई सिपाही’. सहांपैकी हरिश्चंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्र सिंग, ऐजाद बक्ष अवान आणि अमरजीत सिंग हे पाच जण वैमानिक होते. सहावे टंडन यांच्याकडे जमिनीवरची व्यवस्था होती. प्रमुख अर्थातच ब्रिटिश, फ्लाइट लेफ्टनंट सेसिल बाउशियर. पहिल्याच वर्षी भूपेंद्र सिंग आणि अमरजीत सिंग अपघातात गेले. पाच वैमानिकांपैकी दोन गमावल्यावर त्या तुकडीची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करता येते.

वापिटी हे विमान १९३३ मध्येही नवे म्हणता आले नसते. उघड्या कॉकपिटचे, दोघांच्या बैठकीचे हे यंत्र पहिल्या महायुद्धातल्या डीएच-९ए विमानाचे सुटे भाग वापरता यावेत अशा बेताने आखलेले होते, कारण ब्रिटिश कोठारांत त्या भागांचा मोठा साठा पडून होता. त्याचे काम ठरलेले होते: भूदलाला साहाय्य करणे, म्हणजे टेहळणी, छायाचित्रण, निरोप पोहोचवणे, तोफांच्या माऱ्याची दिशा सांगणे आणि गरज पडल्यास थोडेफार बॉम्ब टाकणे. लढाऊ विमान किंवा बॉम्बफेकी विमान या अर्थाने भारतीयांच्या हाती काहीही दिले गेले नाही.

हा योगायोग नव्हता, असे माझे म्हणणे आहे. लष्करातील अधिकारपदांच्या भारतीयीकरणाचा विचार करण्यासाठी १९२५ मध्ये सर अँड्र्यू स्कीन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती आणि तिच्यात मोतीलाल नेहरू व बॅरिस्टर जीना यांची नावे होती. भारतीय तरुणांना क्रॅनवेलचे दार उघडावे, ही सूचना त्या समितीतून आली. सरकारने ती नाकारली नाही. तिची अंमलबजावणी मात्र इतकी काटकसरीने केली की मागणी पुरी झाल्याचे दाखवता यावे आणि हाती काहीच ताकद जाऊ नये. भारतात ब्रिटिश हवाई दलाच्या स्वतःच्या स्क्वाड्रन होत्याच, आणि त्यांत भारतीय अधिकाऱ्यांना घेण्याऐवजी वेगळे, चिमुकले भारतीय दल काढणे राज्यकर्त्यांना अधिक सोयीचे होते, कारण तसे केले नसते तर पुढेमागे एखाद्या ब्रिटिश वैमानिकाला भारतीय अधिकाऱ्याच्या हुकमाखाली काम करावे लागले असते. चार विमानांच्या त्या फ्लाइटला पूर्ण स्क्वाड्रनचे रूप यायला पाच वर्षांहून अधिक काळ लागला. १९३९ च्या मार्चमध्ये सुब्रतो मुखर्जी तिचे पहिले भारतीय प्रमुख झाले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच जग युद्धात पडले. तेव्हा भारताकडे एवढी एकच स्क्वाड्रन होती.

ऑक्टोबर १९३२ मधलीच दुसरी घटना इथे आठवते. कायदा अमलात आल्यानंतर बरोबर आठवड्याने, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी त्याच ड्रिघ रोडवरून टपालाची पिशवी घेऊन पस मॉथ विमान मुंबईला, जुहूच्या माळावर, आणले. नागरी विमानसेवा आणि हवाई दलाची पहिली तुकडी यांचा आरंभ एकाच गावी आणि सहा महिन्यांच्या आत झाला, आणि दोन्हींचे मूळ तळ १९४७ मध्ये सीमेपलीकडे गेले. त्या काळी कराचीत गोमंतकीयांची मोठी वस्ती होती. ड्रिघ रोडच्या त्या हालचाली त्यांच्यापैकी कोणी पाहिल्या असतील का, हे कुतूहल मला आहे. कोणाच्या घरी कराचीची जुनी पत्रे किंवा छायाचित्रे असतील तर अवश्य कळवावे.

फोंड्याचा वाचक

बार्देशकर बाब, लेख आवडला. परंतु आरंभ १९३३ मध्ये धरला तर आधीची एक पिढी बाहेर राहते. पहिल्या महायुद्धात चार भारतीय तरुण ब्रिटिश विमानदलात लढले होते: हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, श्रीकृष्ण वेलिणकर आणि एरोल चंदर सेन.

मलिक ऑक्सफर्डमध्ये शिकत होते. भारतीय म्हणून त्यांना ब्रिटिश दलात अधिकारपद मिळेना, तेव्हा ते फ्रान्सला जाऊन जखमींची मोटार चालवू लागले. पुढे त्यांच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकांनी थेट विमानदलाच्या वरिष्ठ सेनापतींना पत्र लिहिले आणि १९१७ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. ते सॉपविथ कॅमल चालवत, युद्धातून वाचले, आणि नंतर सनदी सेवेत व राजदूतपदावर गेले. इंद्रलाल रॉय यांना तेवढे आयुष्य मिळाले नाही. जुलै १९१८ मध्ये, एसई-५ए हे विमान चालवत, त्यांनी तेरा दिवसांत दहा हवाई विजय नोंदवले आणि २२ जुलैला ते पडले. त्यांचे वय तेव्हा एकोणीस होते. मरणोत्तर मिळालेले डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक कोणाही भारतीयाला मिळालेले पहिलेच. सेन १९१७ मध्ये जर्मनांच्या हाती सापडले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. वेलिणकर मुंबईचे, केंब्रिजमध्ये शिकलेले. जून १९१८ मध्ये त्यांचे डॉल्फिन विमान परतले नाही आणि त्यांची कबर फ्रान्समध्ये आहे.

या चौघांची कहाणी सांगण्याचे कारण असे की भारतीय माणूस विमान चालवू शकतो की नाही, हा प्रश्न १९१८ मध्येच निकालात निघाला होता. तरीही क्रॅनवेलला पहिली भारतीय मुले गेली ती १९३० साली. मधली बारा वर्षे तांत्रिक अडचणीत गेली नाहीत, ती राजकीय अनिच्छेत गेली. आणि याने आपल्याच मुद्द्याला पुष्टी मिळते.

डिचोलीकर

वेलिणकर हे नाव वाचून फोंडा तालुक्यातले वेलिंग आठवले. काश्मीरच्या लढाईत महावीर चक्र मिळवणारे आणि १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलाचे प्रमुख असलेले हृषीकेश मुळगावकर यांचे नाव वाचले की आमचे डिचोलीचे मुळगाव आठवते. या दोघांचे मूळ गोव्यात असण्याची दाट शक्यता आहे आणि तसे असेल तर आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेख व्हायला हवा.

बार्देशकर

डिचोलीकर, आडनावावरून कुलदेवतेपर्यंत जाता येते, जन्मगावापर्यंत जाताना कागद लागतो. दोघेही मुंबईच्या वातावरणात वाढलेले, एवढे म्हणणे सुरक्षित आहे. मुळगावकर १९४० मध्ये दलात आले, म्हणजे युद्धामुळे दरवाजे सताड उघडल्यानंतरच्या पिढीतले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख होऊ शकेल, आणि तो गोव्याशी नाते न जोडताही वाचनीय होईल.

फोंड्याचे वाचक, बारा वर्षांचा मुद्दा मान्य आहे. तरीही त्या चौघांना मी दलाचा आरंभ म्हणणार नाही. ते वैमानिक होते, पण त्यांच्यामागे भारतीय असे काहीच उभे नव्हते. त्यांची विमाने दुरुस्त करणारे, इंजिन उघडणारे, दारूगोळा भरणारे सगळे हात ब्रिटिश होते. दल म्हणजे ते हात, ती शिस्त, तो हिशेब. म्हणूनच सहा अधिकाऱ्यांपेक्षा मला ते एकोणीस हवाई सिपाही अधिक महत्त्वाचे वाटतात.

साळकाठ

चर्चा चांगली चालली आहे, पण एक गोष्ट बाजूला पडत आहे असे वाटते. या दलाने पहिल्यांदा शस्त्र चालवले ते कोणावर? १९३७ मध्ये पहिल्या स्क्वाड्रनची फ्लाइट वायव्य सरहद्दीवर, उत्तर वझिरिस्तानातल्या मिरानशाह येथे पाठवली गेली. इपीचा फकीर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिर्झा अली खान याने ब्रिटिशांविरुद्ध उठाव मांडला होता आणि डोंगरातल्या टोळ्या त्याच्या बाजूने होत्या. विमानातून आधी इशाऱ्याची पत्रके टाकायची, लोकांना गाव सोडायला मुदत द्यायची आणि मग घरांवर बॉम्ब टाकायचे, ही तिथली ब्रिटिश पद्धत पहिल्या महायुद्धानंतर रूढ झाली होती. पायदळ पाठवण्यापेक्षा ती स्वस्त पडत असे, हे तिच्या समर्थनार्थ उघडपणे सांगितले जाई. त्याच सुमारास इकडे काँग्रेसची मंत्रिमंडळे प्रांतांत सत्तेवर येत होती.

अर्थात त्या पंचविशीतल्या अधिकाऱ्यांनी काय करायला हवे होते, असा प्रश्न विचारणे सोपे आहे. तरीही दलाच्या इतिहासात ‘पहिली युद्धकामगिरी’ एवढेच लिहून पुढे जाणे मला अपुरे वाटते. ज्यांच्यावर बॉम्ब पडले ते तेव्हाच्या कायद्याने याच देशाच्या सरहद्दीवरचे लोक होते.

बार्देशकर

साळकाठ, आपण हा मुद्दा आणला हे बरे झाले. त्याला बगल देऊ नये.

माझ्या मते त्या कामगिरीचे दोन भाग वेगळे पाहावे लागतात. ज्या धोरणासाठी ती विमाने उडाली ते साम्राज्याचे होते आणि त्याचा बचाव करण्याचे कारण आज कोणालाही नाही. दुसरीकडे, भारतीय दल फार दिवस टिकणार नाही, भारतीय तंत्रज्ञांच्या हाती विमाने सुरक्षित राहणार नाहीत, असे मानणाऱ्यांना उत्तर मिळाले तेही मिरानशाहच्याच धुळीत. उंच डोंगर, अरुंद दऱ्या, खालून येणाऱ्या बंदुकीच्या गोळ्या आणि जुनाट यंत्रे अशा स्थितीत त्या फ्लाइटने आपली विमाने उडती ठेवली. अस्पी इंजिनिअर यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला तो वझिरिस्तानातल्याच कामाबद्दल. हेच अस्पी १९३० मध्ये, जेमतेम सतरा वर्षांचे असताना, इंग्लंड ते भारत एकट्याने विमान आणून आगाखान पारितोषिकाचे मानकरी झाले होते. त्याच शर्यतीत उलट दिशेने निघालेले जे. आर. डी. टाटा इजिप्तमध्ये त्यांना भेटले आणि प्रतिस्पर्ध्याचे स्पार्क प्लग बिघडलेले पाहून त्यांनी आपल्याकडचे देऊन टाकले, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. पारितोषिक अस्पी यांनाच मिळाले.

अवांतर सांगायचे तर, ‘अरेबियाचा लॉरेन्स’ म्हणून गाजलेला माणूस १९२७ आणि १९२८ मध्ये नाव बदलून साध्या हवाई शिपायाच्या दर्जाने आधी याच ड्रिघ रोडच्या भांडारात आणि नंतर याच मिरानशाहच्या ठाण्यात राहिला होता. वस्तीपासून दूर राहावे अशीच त्याची इच्छा होती, यावरून तिथल्या एकांताचा अंदाज यावा.

तंत्रशाळा

जमिनीवरच्या माणसांचा विषय निघाला म्हणून लिहीत आहे. माझा सगळा जन्म कार्यशाळेत गेला असल्याने थोडे विस्ताराने लिहिले तर चालवून घ्यावे.

एकोणीस हवाई सिपाह्यांच्या पिढीतले हरजिंदर सिंग यांचे नाव प्रत्येक आयटीआयच्या भिंतीवर असायला हवे, असे मला वाटते. लाहोरच्या मॅक्लॅगन कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण अधिकाऱ्याच्या वाटेने जाऊ शकला असता; तो हवाई सिपाही म्हणून भरती झाला, हातात पाना घेतला, आणि पायरी पायरीने एअर व्हाइस मार्शलच्या पदापर्यंत पोहोचला. पुढे हवाई दलाचे कानपूर येथील विमानबांधणीचे केंद्र त्यांच्याच देखरेखीखाली उभे राहिले, आणि तिथे बांधलेले पहिले ॲव्हरो विमान नोव्हेंबर १९६१ मध्ये, म्हणजे गोव्याच्या कारवाईच्या सुमारे दीड महिना आधी, आकाशात गेले. त्याला ‘सुब्रतो’ हे नाव दिले होते.

आता ब्रह्मदेशाकडे वळू. फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी पहिली स्क्वाड्रन टांगू येथे पोहोचली. प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर के. के. मजुमदार, ज्यांना सगळे ‘जंबो’ म्हणत. विमाने लायसँडर, आणि तीही मुंबई इलाख्यातील लोकांच्या युद्धवर्गणीतून आलेली. लायसँडर हे संथ, उंच पंखांचे, टेहळणीचे विमान. त्याने बॉम्बफेक करावी ही अपेक्षाच नव्हती. जपानी विमानांनी टांगूच्या तळावर हल्ला केल्यानंतर या तंत्रज्ञांनी आपल्या लायसँडरांना अडीचशे पौंडी बॉम्ब लटकवण्याची सोय करून घेतली, आणि मजुमदार यांनी सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, हद्दीतल्या मे हाँग सोन येथील जपानी तळावर चाल केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा साऱ्या स्क्वाड्रनने तेच केले. युद्धशास्त्राच्या पुस्तकात हे बसत नाही. कार्यशाळेत मात्र हे रोजचे असते, कारण जे हवे ते कधीच मिळत नाही आणि जे आहे त्यातून काम काढावे लागते.

याच वृत्तीचे सर्वांत मोठे उदाहरण युद्धानंतरचे आहे. अमेरिकन बनावटीची, लिबरेटर जातीची चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने कानपूरला पडून होती. कोणाला ती वापरता येऊ नयेत म्हणून युद्धानंतर ती मुद्दाम निकामी केली होती. ती दुरुस्त होणे अशक्य आहे, असे परदेशी तज्ज्ञांनी सांगितले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या माणसांनी भंगारातल्या एका विमानाचा भाग दुसऱ्याला लावत ती कशीबशी उडण्याजोगी केली, आणि जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने एकेक करून ती बंगळूरला नेली. तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये पाचवी स्क्वाड्रन या लिबरेटरांवर उभी राहिली आणि भारताला पहिले जड बॉम्बफेकी दल मिळाले. त्यातली विमाने १९६८ पर्यंत सेवेत होती. त्याच महिन्यात व्हॅम्पायर ही जेट विमानेही दाखल झाली, म्हणजे एका हाताने भंगार आणि दुसऱ्या हाताने जेट असा तो काळ होता.

ती कंपनी काढली होती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, १९४० च्या डिसेंबरात. आणि ज्यांनी तिथे एचटी-२ हे भारतीय आराखड्याचे प्रशिक्षण विमान घडवले ते डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते विमान उडाले आणि हवाई दलाच्या पुढच्या कित्येक पिढ्या त्यावर पहिले धडे शिकल्या. मराठी माणसांनी या दोन नावांचा अभिमान जरा अधिक मोठ्याने बाळगायला हरकत नाही.

काणकोणकर

युद्धकाळात दल नेमके किती वाढले, याचा आकडा कोणी देऊ शकेल का? एका स्क्वाड्रनवरून किती?

फोंड्याचा वाचक

एकावरून नऊ स्क्वाड्रन, आणि ऐन भरात सुमारे २८,५०० माणसे, त्यांत अंदाजे १,६०० अधिकारी. सुरुवातीला मुंबई, कराची, मद्रास, कलकत्ता अशा बंदरांवर किनाऱ्याच्या पहाऱ्यासाठी स्वयंसेवकांच्या फ्लाइट काढल्या, आणि त्यांतून माणसे घडत गेली. १९४० मध्ये चोवीस भारतीय वैमानिक इंग्लंडलाही पाठवले गेले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मेहर सिंग यांची सहावी स्क्वाड्रन हरिकेन विमानांतून टेहळणी करत असे आणि तिला ‘चौदाव्या सेनेचे’, म्हणजे तिथे लढणाऱ्या ब्रिटिश भूसेनेचे, ‘डोळे’ म्हणत. इंफाळच्या वेढ्याच्या काळात पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व अर्जन सिंग यांच्याकडे होते. १९४५ च्या मार्चमध्ये दलाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. तीच उपाधी २६ जानेवारी १९५० ला गळून पडली.

मुरगावकर

मूळ लेखात १८ डिसेंबरचा उल्लेख येऊन गेला, त्यावर थोडे.

गोव्याच्या हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एरलिक पिंटो यांच्याकडे होती आणि पुणे व बेळगावजवळचे सांबरे हे तळ वापरले गेले. पोर्तुगिजांकडे गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हते, त्यामुळे आकाशात झुंज अशी झालीच नाही. दाबोळीची धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा स्पष्ट आदेश होता. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी काही मिनिटांत ६३,००० पौंड बॉम्ब धावपट्टीवर टाकले. मग आठ कॅनबेरांची दुसरी फेरी झाली. सहा हंटर लढाऊ विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले, आणि लिस्बनशी बोलण्याचे मोठे साधन बंद पडले.

धावपट्टीवर खड्डे पडले तरी इमारतींजवळ उभी असलेली दोन प्रवासी विमाने शाबूत राहिली. त्याच रात्री धावपट्टीचा जो तुकडा धड होता त्यावरून ती दोन्ही उडाली आणि काही अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन कराचीला पोहोचली. वैमानिकांचे कौशल्य मान्य करावे लागते.

माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या दलाला १९३३ मध्ये भूदलाच्या हाताखाली ठेवण्यासाठी चार वापिटी दिल्या, ते दल १९६१ मध्ये स्वतःची कारवाई स्वतः आखू लागले. हा बदल आपोआप झाला की कोणी घडवला?

बार्देशकर

मुरगावकर बाब, हा बदल आपोआप झाला नाही, आणि त्याचे श्रेय ज्या माणसाला द्यायला हवे तो ब्रिटिश होता, हे आपल्याला थोडे अवघड वाटेल.

१५ ऑगस्ट १९४७ ला भारताच्या वाट्याला जे दल आले ते पायाशिवायचे होते. ड्रिघ रोड, पेशावर, कोहाट, रिसालपूर, मिरानशाह, लाहोर हे सगळे जुने पक्के तळ पाकिस्तानात गेले, कारण ब्रिटिशांचे सारे लक्ष वायव्य सरहद्दीवर होते आणि बांधकामही तिथेच झाले होते. माणसे वाटली गेली, विमाने वाटली गेली, आणि काल एका भोजनगृहात जेवणारे अधिकारी दोन देशांचे झाले. पहिल्या सहांपैकी अवान पाकिस्तानात गेले.

अशा वेळी स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले प्रमुख सर टॉमस एल्महर्स्ट यांनी हवाई दल भूदलाच्या सरसेनापतींच्या अधीन राहू नये, त्याचा प्रमुख थेट सरकारला जबाबदार असावा, असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. कागदावरच्या या एका निर्णयाचे मोल मी कोणत्याही विमान खरेदीपेक्षा जास्त मानतो. १९३२ च्या कायद्याने दल निर्माण केले खरे, पण ते भूदलाचे डोळे म्हणून. आपले काम आपण ठरवण्याचा अधिकार त्याला मिळाला तो या वेळी. त्यामुळे कायद्याची तारीख विचारली तर मी ८ ऑक्टोबर सांगेन, दल उभे राहिल्याची तारीख विचारली तर १ एप्रिल, आणि दल प्रौढ झाले केव्हा असे विचारले तर १५ ऑगस्ट १९४७ सांगेन.

त्या अधिकाराची परीक्षाही लगेच झाली. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी दिल्लीहून निघालेल्या डाकोटा वाहतूक विमानांनी शीख रेजिमेंटची पहिली बटालियन श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरवली. हवाई दलाकडे पुरेशी विमाने नव्हती म्हणून नागरी कंपन्यांच्या डाकोटाही कामाला लावल्या. पुढे पूंछला वेढा पडला तेव्हा मेहर सिंग यांनी तिथे विमाने उतरवली आणि शहर तगले. मे १९४८ मध्ये तेच जनरल थिमय्या यांना शेजारी बसवून लेहला उतरले. दहा हजार फुटांहून अधिक उंचीवरची वाळूची पट्टी, वाटेत त्याहून कितीतरी उंच पर्वतरांगा, आणि विमान असे की ज्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही. मेहर सिंग आणि मुळगावकर या दोघांचीही महावीर चक्रे याच लढाईतली आहेत. टोळ्यांना धाक दाखवण्यासाठी भूदलामागे फिरणारे दल दीड दशकात इथपर्यंत आले.

प्रमुखपदी भारतीय माणूस येण्यास आणखी वेळ लागला. एल्महर्स्ट यांच्यानंतर आणखी दोन ब्रिटिश प्रमुख झाले, आणि १ एप्रिल १९५४ रोजी, पहिल्या फ्लाइटच्या स्थापनेला एकवीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, सुब्रतो मुखर्जी यांनी सूत्रे घेतली. हा उशीर मला अनाठायी वाटत नाही. १९४७ मध्ये सर्वांत ज्येष्ठ भारतीय अधिकाऱ्याच्या गाठीशी पंधरा वर्षांची नोकरी होती, आणि ती तेवढीच असण्याचे कारण फोंड्याच्या वाचकांनी सांगितलेली ती वाया गेलेली बारा वर्षे होत. मुखर्जी नोव्हेंबर १९६० मध्ये टोकियोत जेवताना घास अडकून अचानक गेले, आणि त्यांच्या जागी आले अस्पी इंजिनिअर. दाबोळीवर कॅनबेरा आल्या तेव्हा दलाचे प्रमुख तेच होते, म्हणजे वापिटीच्या पिढीतला वैमानिक.

मुरगावकर

आभार. मुक्तीनंतर दाबोळी काही महिने हवाई दलाकडे होते आणि एप्रिल १९६२ मध्ये ते नौदलाने घेतले. त्या हस्तांतरावर आणि त्यामुळे आपल्या नागरी विमानतळाच्या वाट्याला आलेल्या वेळापत्रकाच्या कटकटींवर निराळा धागा काढतो, इथे तो विषय नको.